प्रत मूळ होते तेव्हा : पोर्टेबल हार्ड डिस्क आणि वापरणाऱ्यांचे अनुभव

पोर्टेबल हार्ड डिस्क घ्यायला गेलेला माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो : कोणत्या कंपनीची घेऊ? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारा, नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीत, उत्तर ठाम मिळतं आणि दर दुकानात वेगळं मिळतं. एक म्हणतो सीगेट लवकर जाते, दुसरा म्हणतो डब्ल्यूडी नको, तिसरा तोशिबाशिवाय बोलत नाही. तिघंही आपापल्या गिऱ्हाइकांचा खरा अनुभव सांगत असतात. पण त्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष विकत घेणाऱ्याच्या फारसा उपयोगाचा नसतो.

फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत आणि त्या हीच तीन नावं. सॅमसंगचा हार्ड डिस्कचा धंदा २०११ साली सीगेटकडे गेला, हिताचीचा २०१२ साली वेस्टर्न डिजिटलकडे. खोक्यावर आणखी कोणतंही नाव असलं तरी आतली तबकडी या तिघांपैकीच कुणाची तरी असते. शिवाय एकाच नावाच्या खोक्यात दोन वर्षांनी वेगळंच मॉडेल निघू शकतं. म्हणून ‘माझी पाच वर्षं चालली’ आणि ‘माझी सहा महिन्यांत गेली’ ही दोन्ही विधानं शेजारी शेजारी खरी असतात.

आकडे उपलब्ध आहेत, पण ते वेगळ्या जगाचे आहेत. ऑनलाइन बॅकअपची सेवा देणारी अमेरिकेतली बॅकब्लेझ ही कंपनी आपल्याकडच्या लाखो डिस्कपैकी किती बंद पडल्या याची नोंद वर्षानुवर्षं प्रसिद्ध करते. २०२३ साली वार्षिक बिघाडाचं प्रमाण १.७० टक्के होतं, २०२४ साली १.५७ टक्के. पण या डिस्क थंड खोलीत, मांडणीत घट्ट बसवलेल्या, चोवीस तास चालू असतात. आपली डिस्क मात्र सॅकमध्ये डब्याशेजारी फिरते, लोकलच्या गर्दीत दाबली जाते, महिनोन्महिने कपाटात पडते आणि मग एका दिवशी तिच्यावर अख्खा लॅपटॉप ओतला जातो. त्या आकड्यांवरून हिच्या आयुष्याचं गणित मांडता येत नाही. तरी एक गोष्ट त्यातून नक्की कळते : सगळ्यांत चांगल्या परिस्थितीतही डिस्क जातातच.

म्हणून मला वाटतं, या सगळ्या अनुभवांकडे बघताना ब्रँडचा प्रश्न बाजूला ठेवावा आणि दुसरं काहीतरी विचारावं : डिस्क गेली तेव्हा तिच्यावरचं आणखी कुठे होतं? हळहळ वाटावी अशा जवळजवळ प्रत्येक हकिगतीत उत्तर ‘कुठेच नाही’ असं असतं. डिस्क बॅकअप म्हणून घेतलेली असते. पहिले काही महिने ती खरोखरच बॅकअप असते. मग लॅपटॉप भरतो, ‘एक्स्टर्नलवर आहेच की’ म्हणून लॅपटॉपवरचं उडवलं जातं, आणि कुणाच्याही लक्षात न येता प्रत हीच मूळ होते. डिस्कचा दर्जा तोच राहिला, तिचं काम बदललं. हा बदल ज्यांनी ओळखला त्यांचे अनुभव बरे आहेत, मग खोक्यावर नाव कुणाचंही असो.

लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे पाहिलं की हे स्पष्ट दिसतं. दोन कॅमेरे, ड्रोन, फोर-के व्हिडिओ असं धरलं तर एका लग्नाचा ऐवज सहज काहीशे जीबी होतो. सीझनमध्ये लागोपाठ तारखा असतात, कार्ड रिकामी करायची घाई असते. या व्यवसायात टिकलेल्या लोकांची शिस्त सारखीच असते : दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणारा कॅमेरा, रात्री घरी पोचल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, आणि दोन्ही कॉप्या उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट मारायचं नाही. एक डिस्क स्टुडिओत, एक घरी. ही मंडळी सर्वांत महाग डिस्क वापरतात असं नाही. एखादी डिस्क गेली तर त्यांना दुसरी विकत घ्यावी लागते, एवढंच. ज्यानं हे केलेलं नसतं त्याला मुलीच्या आईवडिलांना फोन करावा लागतो. तो फोन किती कठीण असतो हे या व्यवसायातल्या कुणालाही विचारा.

घरगुती वापराची गोष्ट थोडी वेगळी. गूगल फोटोजनं १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट जागा देणं थांबवलं आणि तोवर ‘सगळं वर जातंय’ अशा भरवशावर असलेल्या अनेक कुटुंबांना अचानक जागेचा विचार करावा लागला. दरमहा पैसे भरण्यापेक्षा एकदाच चार-पाच हजार खर्च केलेले परवडले, हा हिशेब मराठी घरात पटकन पटतो आणि तो चुकीचा नाही. फक्त त्यात दुसऱ्या डिस्कचे चार-पाच हजार धरलेले नसतात.

आता त्या डबीच्या आत काय चालतं ते बघू, कारण निम्म्या तक्रारींचं उत्तर तिथेच आहे. आयबीएमनं १९५६ साली आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर सुमारे पाच एमबी मावत. आज खिशातल्या अडीच इंची डिस्कवर पाच-सहा टीबी मावतं. ही झेप ज्या शोधांमुळे शक्य झाली त्यांतल्या एकासाठी, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे पातळ थरांचा विद्युतरोध मोठ्या प्रमाणात बदलतो या शोधासाठी, आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एवढ्या दाटीनं लिहिलेलं वाचायचं तर वाचणारं हेड तबकडीच्या अगदी जवळ हवं. चालू डिस्कमध्ये ते तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर तरंगतं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. आणि खाली तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा, म्हणजे सेकंदाला नव्वद वेळा फिरत असते.

हे एकदा लक्षात आलं की ‘फक्त थोडीशी हलली होती’ या वाक्याचा अर्थ कळतो. बंद डिस्क पडली तर बहुतेकदा वाचते, कारण तेव्हा हेड तबकडीवरून बाजूला उतरवून ठेवलेलं असतं. चालू डिस्कला टेबलाच्या कडेवरून मिळालेला एक हिसका पुरतो. बहुतेक अपघात असे लॅपटॉपशेजारीच होतात : केबलमध्ये पाय अडकतो, मूल वायर ओढतं, कॉपी चालू असताना कुणीतरी लॅपटॉप उचलून दुसऱ्या खोलीत नेतो आणि डिस्क खाली लोंबकळत राहते. म्हणून रबरी कव्हरपेक्षा आखूड केबल आणि टेबलाच्या मध्यावरची आडवी जागा जास्त उपयोगाची. मोबाइलसारखं हातात धरून चालायचं हे यंत्र नाही.

असा हिसका बसल्यानंतर सुरू होते ती टिकटिक. हेडला तबकडीवरच्या खुणा सापडत नाहीत, ते परत मागे जातं, पुन्हा प्रयत्न करतं, आणि त्या येरझारांचा आवाज आपल्याला ऐकू येतो. इथे माणसं काय करतात? पुन्हा लावून बघतात. दुसऱ्या लॅपटॉपला लावतात. हळूच थापटतात, कुणी फ्रीजमध्ये ठेवायला सांगतं. अशा प्रत्येक वेळी जखमी हेड तबकडीवरून फिरत असतं आणि त्याखालचा चुंबकीय थर खरवडला गेला तर त्यावरचं लिखाण कोणत्याही प्रयोगशाळेत परत मिळत नाही. टिकटिक ऐकू आली की डिस्क काढायची आणि परत लावायची नाही. डेटा रिकव्हरीचं काम करणारे लोक हेच सांगतात आणि त्यांच्याकडे येणाऱ्या डिस्क बहुतेकदा चार ठिकाणी लावून झालेल्या असतात.

उंचीचा मुद्दा आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. हेडला तरंगायला हवा लागते. विरळ हवेत ते खाली येतं. त्यामुळे साध्या हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू स्थितीतली कमाल उंची साधारण तीन हजार मीटर दिलेली असते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पुण्यामुंबईहून मोटरसायकलवर लडाखला जाणारे, रोज रात्री हॉटेलात गोप्रोचं सगळं फुटेज डिस्कवर टाकणारे शेकडो जण दर उन्हाळ्यात ही मर्यादा ओलांडतात. दरवेळी डिस्क जाईल असं नाही, पण धोका खरा आहे. कृष्णविवराचं पहिलं छायाचित्र मिळवणाऱ्या इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या शास्त्रज्ञांनाही उंच पर्वतांवरच्या दुर्बिणींपाशी हीच अडचण आली आणि त्यांनी हेलियम भरून सीलबंद केलेल्या डिस्क वापरल्या. एप्रिल २०१७ मध्ये गोळा केलेली ती माहिती इतकी प्रचंड होती की इंटरनेटवरून पाठवणं अशक्य होतं. डिस्क विमानानं हलवल्या गेल्या, आणि दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तिथला हिवाळा संपेपर्यंत अडकून पडल्या. लडाखला जाणाऱ्यांना हेलियमची गरज नाही. फिरती तबकडी नसलेली एसएसडी न्यावी किंवा जादा मेमरी कार्डं घ्यावीत आणि कॉपीचं काम खाली उतरल्यावर करावं.

‘डिटेक्टच होत नाही’ ही सगळ्यांत मोठी तक्रार आणि सुदैवानं सगळ्यांत कमी गंभीर. बहुतेकदा दोष केबलचा असतो. जुन्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, यूएसबी ३ मधून ९००. तबकडी फिरायला सुरुवात होताना सर्वांत जास्त वीज लागते. म्हणून डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूच्या पोर्टला, स्वस्त हबला किंवा लांब एक्स्टेन्शनला लावलेली डिस्क चालू होते, दमते, बंद पडते आणि पुन्हा चालू होते. त्या चालू-बंद होण्याचा आवाज ऐकून माणूस डिस्क मेली असं धरून चालतो. आधी मागच्या पोर्टला, थेट, दुसऱ्या केबलनं लावून बघावी. डिस्ककडचा तो रुंद, चपटा मायक्रो-बी सॉकेट हा या यंत्राचा सर्वांत कमकुवत भाग आहे, वर्षभराच्या काढघालीनंतर तो ढिला पडतो. त्यात आणखी एक गंमत दडलेली आहे : जुन्या मोबाइलची चार्जिंग केबल त्याच्या अर्ध्या भागात बरोबर बसते आणि डिस्क चालतेही, पण यूएसबी २ च्या वेगानं. पाचशे जीबी जिथे दीड तासाच्या आत कॉपी व्हायला हवेत, तिथे साडेचार तास लागतात आणि बोल डिस्कला बसतात.

वेगाच्या तक्रारीचं दुसरं कारण मात्र डिस्कच्या पोटात आहे आणि ते लपवलेलं आहे, म्हणून मला ते जास्त खटकतं. जागा वाढवण्यासाठी आताच्या बऱ्याचशा पोर्टेबल डिस्कमध्ये लिखाणाच्या रेषा कौलांसारख्या एकमेकींवर थोड्या थोड्या चढवलेल्या असतात. या पद्धतीला शिंगल्ड रेकॉर्डिंग, एसएमआर म्हणतात. वाचताना काही फरक पडत नाही. पण मधली एक रेषा बदलायची तर तिच्यावर चढलेल्या पुढच्या सगळ्या रेषा उचलून पुन्हा लिहाव्या लागतात. हे लगेच जाणवू नये म्हणून डिस्कवर एक साधी, मोकळी जागा राखून ठेवलेली असते. नवं लिखाण आधी तिथे जातं आणि डिस्कला दुसरं काम नसताना सावकाश योग्य जागी बसवलं जातं. म्हणूनच अनुभव असा येतो : पहिले पंचवीस-पन्नास जीबी झपाझप जातात, मग वेग घसरतो, कधी एकआकडी एमबीवर येतो, आणि माणूस वैतागून केबल उपटतो. कॉपी संपल्यावरही डिस्कचा दिवा बराच वेळ लुकलुकतो, कारण आतलं काम अजून संपलेलं नसतं.

ज्यांना वर्षातून दोनदा फोटो ठेवायचे आहेत त्यांना या पद्धतीनं काही त्रास नाही. रोज व्हिडिओ एडिट करणाऱ्यानं मात्र अशा डिस्कवरून थेट काम करू नये. २०२० साली वेस्टर्न डिजिटलनं नेटवर्क स्टोरेजसाठी विकलेल्या काही ‘रेड’ डिस्कमध्ये हे तंत्र न सांगता वापरल्याचं उघड झालं, मोठा गदारोळ झाला आणि मग कंपनीनं कोणत्या मॉडेलमध्ये काय आहे याची यादी जाहीर केली. तो गदारोळ जाणकारांच्या डिस्कबद्दल होता. घरोघरी जाणाऱ्या पोर्टेबल डिस्कच्या खोक्यावर मात्र हा तपशील अजूनही सहसा नसतो.

एक टीबीची डिस्क लावल्यावर विंडोज ९३१ जीबी का दाखवतं, ही शंका दर नव्या ग्राहकाला येते. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या. फसवणूक नाही.

फॉरमॅटचा घोळ जास्त महागात पडतो. विंडोजवर घेतलेली डिस्क बहुतेकदा एनटीएफएसमध्ये असते. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. जुन्या एफएटी३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे एक लांब व्हिडिओसुद्धा नाही. दोन्हीकडे चालणारा एक्सफॅट सोयीचा आहे, पण लिखाण चालू असताना केबल निघाली तर त्याची पडझड एनटीएफएसपेक्षा सहज होते. विंडोज १० नं २०१८ च्या अखेरच्या आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कसाठी झटपट काढण्याची सोय आपोआप लावली, त्यामुळे ‘सेफली रिमूव्ह’ न करता काढलं तरी बहुधा निभावतं. मॅकवर आणि टीव्हीवर निभावेलच असं नाही.

टीव्हीवरून आठवलं. काही टीव्ही कार्यक्रम रेकॉर्ड करण्यासाठी लावलेली डिस्क फॉरमॅट करायची परवानगी मागतात. ओळखीची नसलेली डिस्क लावल्यावर मॅकही टाइम मशीनसाठी ती वापरू का असं विचारतो, आणि घाईत ‘हो’ म्हटलं की आधीचं सगळं पुसलं जाऊ शकतं. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सिनेमा बघायला डिस्क टीव्हीला लावली आणि रिमोटवरचं ओके दाबलं, यात त्यांचा काय दोष? सिनेमाची डिस्क आणि घरच्या फोटोंची डिस्क एकच होती, ही खरी अडचण.

विंडोज कधी कधी स्वतःहून सांगतं की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल. या संदेशाचा अर्थ ‘आत काही नाही’ असा नसतो. आतल्या फाइलींची अनुक्रमणिका वाचता येत नाही, एवढाच अर्थ असतो. डिस्क आवाज करत नसेल तर अशा वेळी डेटा बहुतेकदा जागेवर असतो. आधी डीडीरेस्क्यूसारख्या फुकट साधनानं पूर्ण डिस्कची प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि त्या प्रतिमेवर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक चालवावं. मूळ डिस्कवर दुरुस्तीचे प्रयोग करू नयेत. गल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानातून पेन ड्राइव्हवर येणारा शॉर्टकट व्हायरस तर याहून सोपा असतो : त्यात फोल्डर फक्त लपवलेले असतात आणि त्यांच्या जागी खोटे शॉर्टकट दिसतात. तरीही ते बघून घाबरून फॉरमॅट मारणारे आजही आहेत.

डिस्क जाण्याआधी काही सूचना देते का? थोडीफार देते. प्रत्येक डिस्क आपल्या तब्येतीची नोंद ठेवते, स्मार्ट या नावानं. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर ती दाखवतं. बदललेल्या किंवा बदलायच्या प्रतीक्षेतल्या सेक्टरांचा आकडा शून्यावरून हलला तर त्याच दिवशी कॉपी घ्यावी. पण आकडा शून्य असला म्हणजे डिस्क ठणठणीत आहे असं नाही. गूगलनं २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी स्मार्टच्या चार मुख्य निकषांपैकी एकाही निकषावर आधी कसलीच खूण दाखवली नव्हती. बाकीचे निकष धरले तरी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्क न सांगताच गेल्या.

रिकव्हरीविषयी अपेक्षा आणि वास्तव यांत बरंच अंतर आहे. वॉरंटी बहुतेकदा तीन वर्षांची असते आणि ती डबीची असते, आतल्या डेटाची नाही. डिस्क बदलून मिळते, तीही अनेकदा दुरुस्त केलेली. काही मॉडेलबरोबर कंपनी स्वतःची रिकव्हरी सेवा देते, ती खरेदीच्या वेळी बघून घ्यावी, कारण बाहेर हे काम महाग पडतं. हेड बदलायचं तर त्याच मॉडेलची, जुळणारी दुसरी डिस्क दाता म्हणून शोधावी लागते, धूळविरहित खोलीत दोन्ही उघडाव्या लागतात. खर्च सहज पाच आकड्यांत जातो, आणि तबकडी खरवडलेली असेल तर तोही वाया.

पूर्वी एक युक्ती चालायची : वरची डबी फोडायची, आतली साधी साटा डिस्क काढायची आणि कॉम्प्युटरला थेट लावायची. २०११ च्या थायलंडमधल्या महापुरात हार्ड डिस्कचे कारखाने पाण्याखाली गेले, किमती भडकल्या, तेव्हा बॅकब्लेझनं दुकानांतून एक्स्टर्नल डिस्क विकत घेऊन, त्यांची कवचं काढून आपल्या सर्व्हरमध्ये बसवल्या होत्या. घरच्या वापरकर्त्यालाही हीच वाट होती. आता बऱ्याच अडीच इंची पोर्टेबल डिस्कमध्ये, विशेषतः वेस्टर्न डिजिटलच्या, यूएसबीचा सॉकेट मूळ सर्किट बोर्डवरच जडवलेला असतो. आत साटा जोडणी नसतेच. शिवाय माय पासपोर्टच्या अनेक मॉडेलमध्ये पासवर्ड लावलेला नसला तरी डेटा बोर्डवरच्या चिपकडून कूटबद्ध होऊनच तबकडीवर जातो. साधा सॉकेट तुटला तरी मामला तज्ज्ञाकडे जातो. पासवर्ड न लावणाऱ्याला या कुलपाचा उपयोग शून्य आणि अडचण पूर्ण.

आपल्याकडच्या हवेबद्दल दोन शब्द. साध्या डिस्कला हवेचा दाब सारखा राहावा म्हणून गाळणी बसवलेलं बारीक छिद्र असतं. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेली डिस्क सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवणं शहाणपणाचं, आणि एसी खोलीतून दमट हवेत आणल्यावर लगेच चालू न करणंही. पण पावसाळ्याचा खरा धोका वेगळा आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला जे पाणी आलं, त्यात तळमजल्यावरच्या दुकानांतला कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली बॅकअपची डिस्क एकदमच बुडण्यासारखी परिस्थिती होती. टॅलीचा डेटा रोज इमानानं कॉपी करणाऱ्या व्यापाऱ्याचीही ती मेहनत अशा वेळी वाया जाते. छायाचित्रकार पीटर क्रो यांनी लोकप्रिय केलेला ३-२-१ चा नियम नेमका यासाठी आहे : तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसरं ठिकाण म्हणजे क्लाउडच हवा असं नाही. बहिणीच्या घरचं कपाट चालतं, फक्त ते दुसऱ्या गावात किंवा निदान वरच्या मजल्यावर असावं. आणि पाण्यात भिजलेली डिस्क उन्हात वाळवून लावू नये. ओलसरच, पिशवीत बंद करून तज्ज्ञाकडे न्यावी, कारण वाळताना पाण्यातला गाळ तबकडीला चिकटतो.

प्रत दुसऱ्या ठिकाणी हवी तशी ती बहुतांश वेळ कॉम्प्युटरपासून तोडलेलीही हवी. खंडणीखोर व्हायरस लॅपटॉपमध्ये शिरला की जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलीही कुलूपबंद करतो. कायम लावून ठेवलेली डिस्क त्याच्या तावडीत सापडते, खणातली सापडत नाही.

मग एसएसडीच का घेऊ नये? फिरणारं काही नसल्यामुळे पडण्याची भीती बरीच कमी, वेग कितीतरी पट. रोज बॅगेत घेऊन फिरणाऱ्यानं, एडिटिंग करणाऱ्यानं एसएसडीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. पण तिच्यावरही आंधळा विश्वास नको. २०२३ साली सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतल्या काही एसएसडींनी अचानक डेटा गमावल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की कंपनीला फर्मवेअर बदलावं लागलं आणि अमेरिकेत खटले दाखल झाले. एसएसडीवर चुकून पुसलेलं परत मिळण्याची शक्यताही अनेकदा नसते, कारण मोकळी झालेली जागा ती लगेच आतून साफ करते. वर्षानुवर्षं कपाटात ठेवायच्या संग्रहासाठी तर ती योग्यच नाही. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात साठते आणि तो हळूहळू झिरपतो. जेडेक या संस्थेचं साध्या एसएसडीसाठीचं मानक एवढंच मागतं की लिखाणाची पूर्ण क्षमता वापरून झाल्यावर, वीज नसताना, तीस अंश सेल्सिअसला माहिती एक वर्ष टिकावी. नवी एसएसडी याहून खूप जास्त टिकते, पण आपल्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तापमान तीस अंश नसतं. संग्रहासाठी फिरती तबकडी अजून स्वस्त आहे आणि बरी आहे.

दीड-दोन हजारांत सोळा टीबीची एसएसडी दिसली तर ती घेऊ नका. आत मेमरी कार्ड आणि खोटा आकडा सांगणारं फर्मवेअर असतं. खरी जागा संपली की नव्या फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात आणि हे कळतं ते महिन्यांनी. एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या फुकट साधनानं नवी डिस्क एकदा काठोकाठ भरून तपासता येते.

दीर्घकाळाचा अनुभव असलेले लोक आणखी एक गोष्ट करतात : चार-पाच वर्षांनी जुनी डिस्क चालू असतानाच नवी घेतात आणि सगळं तिच्यावर हलवतात. जुनी दुसऱ्या गावची प्रत होते. यात डिस्कच्या वयाचाच नाही तर तारांचाही विचार आहे. २००० च्या दशकात व्हिडिओवाल्यांनी हौसेनं घेतलेल्या फायरवायर डिस्क आज लावायच्या कशाला हा प्रश्न आहे, आणि यूएसबीच्या जुन्या आयताकृती पोर्टचीही नव्या लॅपटॉपमधून हकालपट्टी चालू आहे. डिस्कवर चिकटपट्टी लावून घेतल्याचं साल आणि आत काय आहे ते लिहावं. पासवर्ड असेल तर तो घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक हवा. मुलगा परदेशात, डिस्क गावच्या कपाटात आणि पासवर्ड फक्त त्याला, अशी घरं कमी नाहीत.

वापरणाऱ्यानं काय करायचं हे एव्हाना पुष्कळ सांगून झालं. कंपन्यांकडूनही काही मागायला हवं आणि ते मोठं नाही. लिखाणाची पद्धत एसएमआर आहे की साधी, आत साटा जोडणी आहे की नाही, पासवर्ड न लावताही डेटा कूटबद्ध होतो का, या तीन गोष्टी खोक्यावर छापायला एक ओळ पुरते. पंख्याच्या आणि फ्रीजच्या वीजवापराचे तारे आपण छापून घेतले आहेत. तीस वर्षांचे फोटो ज्या डबीत ठेवायचे तिच्याबद्दल दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर राहावं लागू नये.